बी घेताना गर मोजायचा

चि. बाय हिस,


तुझं पत्रक मिळालं. पुढच्या हंगामाच्या काजू बी खरेदीचं अंदाजपत्रक तू मांडलंस, ते मी पेन्सिल हातात घेऊन सावकाश वाचलं. मांडणी स्वच्छ आहे. विक्रीपासून सुरुवात केलीस, विक्रीवरून उत्पादन काढलंस, उत्पादनाला लागणाऱ्या मालात वर्षअखेरीला हवा तो साठा मिळवलास आणि हाताशी असलेला साठा वजा केलास. व्यवस्थापकीय लेखांकनाच्या पुस्तकात हाच क्रम आहे आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण आहेत. पण शेवटच्या तक्त्यात तू १५२ टनांचा आकडा बारा महिन्यांवर सारखा वाटून टाकलास. ऑगस्टमध्ये पावणेतेरा टन, नोव्हेंबरमध्ये पावणेतेरा टन. बाय, ऑगस्टात वेंगुर्ल्यात शेतकऱ्याकडे काजूची बी कुठून असणार?

काजू कारखान्याचे हिशेब माझ्या हातून पुष्कळ वर्षं गेले आहेत. त्यात एक गोष्ट मला पक्की कळली. वर्षभराचा नफा बहुतेक मार्च ते मे या काळात, खरेदीच्या काट्यावरच ठरून जातो. पुढचे नऊ महिने आपण फक्त तो ठरलेला नफा-तोटा डब्यात भरत असतो. म्हणून तुझ्या पत्रकावर दोन ओळींत उत्तर देणं मला पटलं नाही.

आधी काळ बघ. डिसेंबर-जानेवारीत मोहर, फेब्रुवारीअखेर पहिली बी, मार्च-एप्रिलमध्ये भर, आणि मे संपता संपता पावसाची चाहूल. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग आला की झाडाखाली पडलेली बी भिजते, काळी पडते आणि तिच्यातला गर कामातून जातो. म्हणजे २९० दिवस चालणाऱ्या कारखान्याचा माल आपल्याला दहा-अकरा आठवड्यांत गोळा करायचा असतो. त्यामुळे खरेदीच्या तक्त्याला महिन्यांचे बारा रकाने नकोत, आठवड्यांचे अकरा रकाने हवेत. शिवाय आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे ऐन हंगामात. त्या दिवशीचा साठा बघून काहीच कळत नाही. बी चार दिवस उशिरा पडली तर साठा कमी, लवकर पडली तर जास्त. तू अंदाजपत्रक १ मार्च ते फेब्रुवारीअखेर असं हंगामी वर्षाचं कर. आयकरासाठी आणि बँकेसाठी त्यातून एप्रिल-मार्चचे आकडे वेगळे काढता येतात. अखेरचा साठा म्हणजे फेब्रुवारीअखेरीचा साठा, आणि तो तू १० टन धरलास ते बरोबर आहे. रोज साधारण अर्धा टन बी उकडायला जाते, म्हणजे हा वीस दिवसांचा माल झाला. नवी बी येऊन, सुकून, कामाला लागेपर्यंत फोडणाऱ्या-सोलणाऱ्या बायकांचं काम बंद पडू नये एवढा तो पुरतो.

आता वजन. ४० टन गर विकायचा, उतारा, म्हणजे सुक्या बीतून निघणारा गर, २७ टक्के, म्हणून १४८ टन बी, त्यात १० मिळवून ६ वजा, असे तुझे १५२ टन आले. हे १५२ टन सुक्या बीचे आहेत. शेतकरी आणून देतो ती बी सुकी नसते. झाडाखालून वेचून दोन दिवसांत काट्यावर आलेल्या बीत १६ टक्के ओल असली, तर १०० किलोत कोरडा ऐवज ८४ किलो. साठवायला ती ९ टक्क्यांपर्यंत सुकवावी लागते, नाहीतर पावसाळ्यात गोदामात बुरशी धरते. ८४ किलो कोरडा ऐवज आणि ९ टक्के ओल, म्हणजे ९२.३ किलो. प्रत्येक क्विंटलमागे पावणेआठ किलो पाणी उन्हात उडून गेलं, आणि त्याचे पैसे आपण बीच्या भावाने मोजलेले असतात. तेव्हा तुला १५२ नव्हे, १६५ टन बी विकत घ्यावी लागेल. उदाहरणाला भाव १२० रुपये धर. खरेदी १ कोटी ९८ लाखांची झाली. तुझ्या पत्रकात ती १ कोटी ८२ लाखांची होती. सुकल्यावर गोदामातल्या बीची खरी किंमत किलोला १३० रुपये पडते, आणि २७ टक्के उताऱ्याने किलोभर गरात नुसती बीच सुमारे ४८१ रुपयांची असते. हा ४८१चा आकडा भिंतीवर लिहून ठेवलास तरी चालेल. खरेदीच्या अंदाजपत्रकाचं खरं एकक हे आहे. आपण बी तोलतो, पण विकत गर घेत असतो.

हा २७ टक्के उतारा तू कुठून घेतलास ते पत्रकात लिहिलेलं नाही. मला वाटतं, काट्यावरच्या चाचणीत ३० निघतात, त्यातून अंदाजाने तीन वजा केलेस. तसं करू नकोस. चाचणी कशी होते ते एकदा समोर उभी राहून बघ. वेगवेगळ्या गोण्यांच्या तोंडची, मधली आणि तळाची बी एकत्र करून त्यातली किलोभर घेतात. मुरलेला माणूस ती आधी मुठीत हलवतो. सुकलेली बी खडखडते, ओलीचा आवाज बद्द येतो. मग टरफलात नख रोवून बघतो, सुक्या बीवर नखाचा व्रण उठत नाही. त्यानंतर एकेक बी उभी फोडायची. पांढरा, भरीव गर एका बाजूला, सुरकुतलेला आणि डागाळलेला दुसऱ्या बाजूला, काळा किंवा किडका तिसऱ्या बाजूला. पहिल्याचं पूर्ण वजन धरायचं, दुसऱ्याचं अर्धं, तिसऱ्याचं शून्य. यातून चाचणीचा उतारा निघतो. पण हा गर सालीसकट असतो आणि दमटही. कारखान्यात तो ड्रायरमध्ये सुकतो, साल निघते, थोडा चुरा होतो, थोडा नासतो. म्हणून चाचणीचा उतारा आणि डब्यात भरलेला उतारा यांत अंतर राहतं, आणि ते प्रत्येक कारखान्याचं निराळं असतं. तुमच्या कारखान्याचं अंतर तुमच्याच वहीत आहे. मागच्या तीन हंगामांत किती सुकी बी उकडायला गेली आणि किती गर पॅक झाला, एवढे दोन आकडे काढ. गाववार खरेदीची नोंद असेल तर गाववारही काढ. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींचा उतारा ३० टक्क्यांच्या वर सांगितला जातो, आणि सातची बी चांगली दहा ग्रॅमची भरते. ज्या वाड्यांत या कलमांच्या बागा आहेत तिथली बी आणि रानातल्या जुन्या गावठी झाडांची बारीक बी एकाच उताऱ्याने धरलीस तर अंदाज तिथेच फसेल. १२० च्याच भावात २७ चा उतारा २६ झाला, तर किलोभर गराला साडेअठरा रुपये जास्त लागतात. ४० टनांवर हे ७ लाख ४० हजार होतात. एका टक्क्याचे!

यापुढचं नीट वाच, कारण पुस्तकी हिशेब इथे माणसाला उलट्या दिशेला नेऊ शकतो. समज, खरेदीवाल्याने १२० ऐवजी ११० रुपयांनी माल उचलला. पुस्तकाप्रमाणे भाव-तफावत अनुकूल: किलोला १० रुपये, १६५ टनांवर साडेसोळा लाख. त्याची पाठ थोपटली जाईल, कदाचित बोनसही मिळेल. पण तो माल होता हंगामाच्या शेवटाचा, पावसाच्या सरीत सापडलेला, आणि उतारा निघाला २४. हिशेब कर. ११० भागिले ०.९२३, त्याला भागिले ०.२४. किलोभर गराला ४९७ रुपये. दहा रुपयांनी स्वस्त घेतलेली बी गरामागे पंधरा रुपयांनी महाग पडली. वर त्यातून पाकळी आणि तुकडा जास्त निघाला, म्हणजे विक्रीचा भावही खाली. ही प्रतिकूल वापर-तफावत, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त बी लागल्याचा तोटा, कोणाच्या नावावर पडते? फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बायकांच्या. त्यांना विचारलं जातं, गर एवढा कमी का, तुकडा एवढा जास्त का. त्यांच्या हातात बी आली तेव्हाच ती तशी होती. हे मी घडताना पाहिलं आहे आणि मला त्याचा फार संताप येई. सबंध बैठकीत बोलायला त्यांच्यातली एकही हजर नसायची. तू हिशेबाला बसली आहेस, तेव्हा हे तुझ्या हातात आहे. काजूसारख्या मालात भाव-तफावत आणि वापर-तफावत वेगवेगळ्या माणसांच्या माथी मारायच्या नाहीत. दोन्ही एकत्र करून प्रत्येक लॉटच्या गराचा किलोमागे खर्च काढायचा आणि तो खरेदीच्या नावावर टाकायचा. फोडणाऱ्यांना जाब विचारायचा तो चाचणीच्या उताऱ्याशी ताडून, त्याच लॉटपुरता.

म्हणजे अर्थात लॉट वेगळे ठेवावे लागतील. गोण्यांना गाव, आठवडा आणि चाचणीचा उतारा लिहिलेली चिठ्ठी. गोदामवाला कुरकुरेल, पण एक हंगाम करून घे.

भाव किती द्यायचा, याची वरची मर्यादा हंगाम सुरू होण्याआधी ठरलेली असली पाहिजे. एकदा काट्यावर गर्दी झाली आणि शेजारचा व्यापारी दोन रुपये चढवून बसला की डोकं ठिकाणावर ठेवणं कठीण असतं. ती मर्यादा विक्रीकडून उलटी येते. समज, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० हे अख्खे गर, पाकळी, तुकडा सगळं मिळून गराला सरासरी ६५० रुपये मिळतील अशी आशा आहे. उकडणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी, पॅकिंग, वीज, पगार यांचे ११५ गेले (टरफलाचे येणारे पैसे यातच वळते करून घे). व्याजाचे २०, नफा म्हणून ३०. उरले ४८५. त्याला ०.२७ ने गुणलं की सुक्या बीचा भाव १३१, आणि ०.९२३ ने गुणलं की ओल्या बीचा जेमतेम १२१. एवढ्याच्या वर गेलीस तर आपल्या खिशातून. हेच गणित २६, २८, ३० अशा उताऱ्यांसाठी करून खरेदीवाल्याच्या हातात छोटा तक्ता दे: उतारा इतका आणि ओल इतकी, तर भाव इथपर्यंत. मग तो एका भावाला चिकटून बसणार नाही. चांगल्या बीला बेधडक जास्त देईल आणि वाईट बी सोडून देईल.

या तक्त्याचा शेतकऱ्यालाही फायदा आहे. आपल्याकडे ओलीचा हिशेब कडता कापून करायची सवय आहे. गोणीमागे अंदाजाने दोन-तीन किलो काटले आणि वाद संपवला. असं करणाऱ्याला वर्षभर शिव्या बसतात आणि पुढच्या वर्षी चांगली बी दुसऱ्याच्या दारात जाते. त्यापेक्षा ओल मोजायचं यंत्र काट्याशेजारी ठेव, आकडा शेतकऱ्याला दिसू दे. १६ टक्क्यांच्या बीला १२० आणि ९ टक्क्यांच्या बीला १३० हे आपल्याला सारखंच पडतं. तेव्हा सुकवून आणणाऱ्याला पूर्ण १३० जाहीर कर. सुकवताना उडालेल्या पाण्याचा तोटा त्याला बसला नाही, आणि आपलं खळं मोकळं राहिलं. खळ्याचं हे कलम तुझ्या पत्रकात नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. तुमच्या खळ्यावर एका वेळी १० टन बी पसरता येते असं तुझे बाबा म्हणाले. तीन दिवसांचं ऊन धरलं तर आठवड्याला दोन फेऱ्या, २० टन. सरासरी आठवड्याला १५ टन लागतात म्हणून तुला वाटेल जागा भरपूर आहे. पण माल सरासरीने येत नाही. पहिल्या आठवड्यात चार टन येतील, एप्रिलच्या मध्याला दारात पंचवीस-अठ्ठावीस टन उभे राहतील. तेव्हा आठवड्याच्या रकान्यात तीन आकडे लिही: अपेक्षित आवक, खळ्याची क्षमता, आणि हाताशी असलेले पैसे. तिन्हींत जो सगळ्यांत लहान, ती त्या आठवड्याची खरेदी.

पैशाचं सांगते. मेअखेर गोदामात जुन्यासकट १२० टनांच्या आसपास सुकी बी असेल, कारण तीन महिन्यांचा माल तोवर कामाला लागलेला असेल. १३० रुपयांनी ती १ कोटी ५६ लाखांची झाली. बँक कॅश क्रेडिटवर २५ टक्के मार्जिन धरत असेल तर ३९ लाख आपले आणि १ कोटी १७ लाख बँकेचे. तुमची मर्यादा त्याहून कमी असेल तर खरेदीचं अंदाजपत्रक कितीही सुंदर असो, ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात थांबेल, आणि तोच आवकेचा भर असतो. शिवाय शेतकऱ्याकडून न फोडलेली बी घेतली की जीएसटी आपल्याला भरावा लागतो, ज्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. दर ५ टक्के. १ कोटी ९८ लाखांवर ९ लाख ९० हजार, तेही रोखीने. गर विकला की विक्रीच्या करातून ते वळते होतात, पण हंगामात खरेदी मोठी आणि विक्री लहान असल्यामुळे ती रक्कम काही महिने अडकून राहते. खरेदी आणि रोख यांची दोन पत्रकं वेगळी ठेवू नकोस, शेजारी शेजारी ठेव.

म्हणूनच सगळा माल आपल्याच हंगामात भरायचा का, हा प्रश्न उरतो, आणि मला तो खरोखर विचार करण्याजोगा वाटतो. मेमध्ये घेतलेली बी जानेवारीत फोडली तर आठ महिन्यांचं व्याज तिच्यावर चढतं. १० टक्क्यांनी किलो बीला ८ रुपये ६७ पैसे, म्हणजे किलो गराला ३२ रुपये. गोदामाचं भाडं, विमा, उंदीर आणि दमट हवेने होणारी घट वेगळी. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम, म्हणजे आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिनचा, साधारण आपल्याबरोबरच असतो. टांझानियाचा मात्र ऑक्टोबरपासून. त्यामुळे थंडीतल्या कामापुरती टांझानियाची बी व्यापाऱ्याकडून घ्यायची आणि तेवढा पैसा मे महिन्यात मोकळा ठेवायचा, असा एक मार्ग आहे. तो माल आउटटर्नवर बोलला जातो: ८० किलोच्या पोत्यात किती पौंड गर. ४८ चा माल म्हणजे २१.७७ किलो, २७.२ टक्के. आपल्या चाचणीच्या उताऱ्याशी तो याच पद्धतीने ताडून बघायचा. पण डॉलर, बंदरातला खोळंबा आणि आगाऊ पैसे, हे तिन्ही धोके त्यात आहेत. माझं मत विचारशील तर पाचातला एखादा हिस्सा त्या मार्गाने, त्याहून जास्त नाही. कोकणच्या गराची चव मागणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे आहे. ते तुमचं भांडवल आहे. ते मिसळून बिघडवू नका.

तू पत्रकाच्या तळाशी किफायतशीर खरेदी-प्रमाणाचं सूत्रही चालवून पाहिलंस. फोर्ड हॅरिस यांनी ते १९१३ साली मांडलं आणि यंत्रांच्या सुट्या भागांना, पॅकिंगच्या डब्यांना, लेबलांना ते आजही छान लागू पडतं. डब्यांसाठी ते जरूर वापर. बीला नको. वर्षभर सारखा खप, वर्षभर मिळणारा माल आणि स्थिर भाव या पायावर ते उभं आहे, आणि आपल्याकडे यातला फक्त खपच काय तो थोडाफार सारखा असतो.

आता लगेच करायचं ते लिहिते. जानेवारीत एक रविवार बाबांबरोबर बागा फिरून ये. मोहर कसा आहे, ढगाळ हवेने किती जळला, ढेकण्याने कोवळे शेंडे किती सुकवले, हे बघून आवकेचे आठवडे पुढे-मागे कर. एकच आकडा न लिहिता बरा, मध्यम आणि वाईट असे तीन लिही. मग आठवड्यांचं पत्रक, रोखीचं पत्रक आणि मागच्या तीन हंगामांचा उतारा घेऊन फेब्रुवारी उजाडायच्या आत बँकेत जा. मॅनेजरसाहेबांना वाढीव मर्यादा वर्षभरासाठी मागू नकोस. मार्च ते ऑगस्ट एवढ्यापुरती हंगामी मर्यादा माग, आणि साठा महिन्यामहिन्याला कसा उतरत जाईल तो तक्ता समोर ठेव. नाही म्हणाले तर किती टनांवर थांबायचं हे त्याच दिवशी ठरव आणि खरेदीवाल्याला लेखी दे.

सुधारलेलं पत्रक मला पाठव. आकडे मोठ्या अक्षरांत छाप, बारीक दिसत नाही.

तुझी,
मावशी

ता.क. बारदान विसरलीस. १५२ टनांना ८० किलोची १,९०० पोती लागतात. जुनी चांगली किती आहेत ते मोजून घे आणि नवी जानेवारीतच सांगून ठेव. एप्रिलमध्ये सगळ्यांनाच हवी असतात. गोदामात पोत्यांखाली घालायच्या फळ्याही बघून घे.